ठेवीचं खमीर

एका राज्यात रोटी फुगेना. राज्याचं नाव विचारू नका. सांगितलं तर तिथले लोक माझ्या नावाने खडे फोडतील, आणि माझं डोकं आधीच तापलेलं आहे. तर त्या राज्यात रोटी फुगेना. पीठ मळून झाकून ठेवावं तर सकाळी तसंच निपचित पडलेलं. दुधाला विरजण लावावं तर दूध आपलं दूधच. भट्ट्या पेटत, हात राबत, आणि ताटात काय येई? वातड चामडं! लेकरं चावून चावून रडत, म्हातारी माणसं तसंच गिळत.

हे का झालं ते आता ऐका. आणि ऐकताना मला शांत हो म्हणू नका.

त्या राज्याच्या राजधानीत एक गल्ली होती. एका अंगाला मुसलमान नानबाई रोट्या भाजत, दुसऱ्या अंगाला यहुदी रंगारी कापड रंगवत. दुधात साखर वगैरे काही नव्हतं हो! गटाराच्या पाण्यावरून रोज कचाकचा भांडत. यहुद्यांना घोड्यावर बसायची बंदी होती, अंगरख्याला पिवळी पट्टी लावावी लागे, आणि ती पट्टी पाहून मुसलमानांची पोरं फिदीफिदी हसत. हेही खरं. आणि शनिवारी यहुदी विस्तव पेटवत नसत म्हणून समोरचा नानबाई न सांगता येऊन त्यांचे दिवे लावून जाई, रमजानात नानबायाची बायको उपासाने गळून गेली की समोरची रंगारीण तिचं पाणी भरून ठेवी, हेही खरं.

वसंतात यहुद्यांचा बेखमीर भाकरीचा सण येई. त्या दिवसांत घरात खमिराचा, म्हणजे पीठ फुगवणाऱ्या आंबवणाचा, कण म्हणून राहता कामा नये. मग सिम्हा नावाची रंगारीण काय करी? आपली खमिराची बरणी उचलून समोर रुकय्याबीच्या घरी नेऊन ठेवी. सण सरला की रुकय्याबी ती बरणी परत नेऊन देई, वर थोडं ताजं पीठ आणि वाटीभर मध. आभार कोणी मानत नसे.

एका वर्षी त्या सणाच्या दिवसांतच बादशहा दिलावरशहा लढाई हरून परत आला. प्रजा कुरकुरू लागली. त्याच्या पदरी अजमत नावाचा जादूगार होता. तो म्हणाला, "हुजूर, यांना चिडायला दुसरं कोणीतरी द्या."

बादशहाने दिलं. यहुद्यांनी सूर्य मावळायच्या आत राज्य सोडावं असा हुकूम निघाला. उन्हं कलली आणि रंगारी गेले. निळीचे हौद भरलेले राहिले, दोरीवर कापडं वाळत राहिली, आणि सिम्हाची बरणी रुकय्याबीच्या घरी राहिली.

मग अजमतने भर चौकात एक काळी शिळा बसवली. "हुजूर, हिच्यावर उभे राहून जे बोलाल, ते प्रजेला खरं म्हणून आठवेल."

बादशहा शिळेवर चढला. म्हणाला, "यहुदी आणि मुसलमान पहिल्यापासून एकमेकांच्या जिवावर उठलेले होते. आम्ही यहुद्यांना घालवून ते भांडण मिटवलं."

आणि सगळ्यांना तसंच आठवलं. त्या दिवसापासून रोटी निम्मीच फुगू लागली, कारण ती शिळा जे जे वर येऊ पाहतं त्याला दाबत होती. कोणाच्या लक्षात आलं नाही.

वर्षं गेली. दूरदेशीचे व्यापारी येऊन विचारू लागले, "तुमचे रंगारी कुठे गेले? कुठे गेली ती निळी वस्त्रं?" बादशहाला लाज वाटू लागली. खरी लाज नव्हे, चारचौघांतली. पुन्हा चढला मेला शिळेवर! आता काय म्हणावं त्याने? "यहुदी आणि मुसलमान इथे सख्ख्या भावांसारखे गुण्यागोविंदाने नांदत होते. कधी वावगा शब्द नाही. मग ते आपल्या मर्जीने, आम्हाला दुवा देऊन निघून गेले."

आणि सगळ्यांना तसंच आठवलं! दर वसंतात शेजारसोहळा सुरू झाला. मिठाया, सनया, मिरवणुका. पोरांना यहुदी म्हणून नटवत, आणि अंगरख्याला ती पिवळी पट्टी लावत. पट्टीला जरीचा काठ! जळलं मेलं ते कौतुक. मला पहिल्या खोट्यापेक्षा या दुसऱ्याचा राग जास्त येतो. पहिल्यात निदान रंगाऱ्यांना घालवल्याची कबुली तरी होती. या दुसऱ्या खोट्यानंतर शिळा इतकी जड झाली की राज्यात रोटी फुगायचीच थांबली.

अजमतच्या मंत्रात एक खोट मात्र राहून गेली होती. ज्याच्या हातात दुसऱ्याची ठेव आहे, त्याच्यावर ती जादू चालत नसे. रुकय्याबी रोज त्या बरणीत मूठभर पीठ आणि घोटभर पाणी घाली. तिला सगळं आठवत होतं. ती बोलत मात्र नव्हती.

पुढे रुकय्याबी खाटेला खिळली. अंग झिजलं, श्वास लागला. मृत्यू दर पहाटे तिच्या दाराशी येई, फळीवरच्या बरणीकडे पाही आणि परत जाई. दुसऱ्याची ठेव परत केल्याशिवाय त्या राज्यात माणसाला मरता येत नसे. वेदना मात्र येत, आणि त्या रोज वाढत.

"नफीसा," ती लेकीला म्हणाली, "आता तू जगव हे. आणि सिम्हाच्या हातात दे. माझी सुटका कर पोरी."

नफीसा भट्टी चालवत असे. भांडखोर, उंच आवाजाची बाई. तिने बरणी हातात घेतली आणि दोन्ही खोट्या आठवणी तिच्या अंगावरून गळून पडल्या. तिला आईच्या कडेवरून पाहिलेले सिम्हाखालाचे, म्हणजे सिम्हामावशीचे, कोपरापर्यंत निळे झालेले हात आठवले. वेशीकडे जाणारी माणसांची रांग आठवली. तळपायाची आग मस्तकात गेली. परवाच आपल्या पोराच्या अंगरख्याला आपण जरीची पट्टी शिवली, हे आठवून तिने सुई भट्टीत फेकली.

राज्यातलं जिवंत खमीर तेवढं एकच, ही बातमी राहते थोडीच? बादशहाचे शिपाई दाराशी आले. "बरणी सरकारजमा करा. उद्या दरबारात हजर करा."

नफीसा सिम्हाच्या ओसाड अंगणात गेली. तिथल्या डाळिंबावर सिम्हाची मैना अजून राहत होती. जादू पाखरांवर चालत नाही.

"मैने, ही ठेव पोचवू कशी? आणि ही शिळा हलेल कशी?"

मैना म्हणाली, "शिळेवर तिघांनी खरं बोलावं. हुकूम देणाऱ्याने. दार लावणाऱ्याने. निघून गेलेल्याने. तिसरी बोलली की मग बरणी तिच्या हाती दे."

नफीसा दरबारात गेली. बादशहा म्हातारा झाला होता, आणि वातड रोटीने त्याचेही दात दुखत होते.

"आण ती इकडे," बादशहा म्हणाला.

"घ्या हुजूर. पण स्वतःच्या हाताने घ्या. आणि ही ठेव आहे, सिम्हा रंगारणीची. परत करायची आहे."

अजमत ओरडला, "हुजूर, हात लावू नका! मला द्या, मी फोडून टाकतो!"

बादशहाने बरणीचा आंबूस वास घेतला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याने ती दोन्ही हातांनी धरली. दरबार पाहत राहिला. बादशहाला खरं ते आठवलं आणि त्याची मान हळूहळू खाली गेली. मग तो उठला, चौकात चालत गेला आणि शिळेवर उभा राहिला.

"मी हरलो होतो. दोष द्यायला मला कोणीतरी हवं होतं. रंगाऱ्यांचा काही अपराध नव्हता. ते मला तेव्हाही ठाऊक होतं."

शिळा बोटभर वर उचलली गेली. जादूगार अजमतचा नुसता झगा खाली पडला. आत कोणी नव्हतं.

लोक रडू लागले. "आम्हाला ठाऊकच नव्हतं!" ठाऊक नव्हतं म्हणे! दोरीवरची कापडं काय वाऱ्याने उतरवून नेली? ती यांच्याच पेट्यांत होती.

नफीसा बादशहाच्या हातून बरणी परत घेऊन गल्लीत परतली ती ओरडतच. "त्या दिवशी दार कोणी लावलं? बाहेर या आणि सांगा!"

पहिला म्हणाला, "आमच्या आजोबांनी तर माळ्यावर लपवलं होतं." दुसरा म्हणाला, "आमच्या आत्याने वाटेवर जेवण पोचवलं." तिसऱ्याच्या घरी तर आख्खं कुटुंब जपलं होतं, असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांनी वाचवलंच होतं.

"सगळ्यांनीच वाचवलं, मग गेलं कोण?" नफीसा कडाडली. "थू तुमच्या तोंडावर! एकाला तरी लाज? एक माझी अम्मी तेवढी, जिने इतकी वर्षं..."

आतून हाक आली. "नफीसा. ओरडू नकोस. ते दार आपलं."

नफीसा आत गेली. ती खाटेच्या पायाशी बसली. मग म्हणाली, "अम्मी, मला वाटत होतं तू..."

"मलाही तसं वाटावंसं वाटत होतं. म्हणून तर रोज पीठ घालत राहिले. मला चौकात ने."

खाट चौकात नेली. रुकय्याबीला उभं राहवेना, म्हणून ती शिळेवर बसली.

"सिम्हाने माझं दार ठोठावलं. मी आतून कडी घातली. ती माझं नाव घेऊन हाका मारत होती, आणि मी श्वास रोखून आत उभी होते. बरणी मी जपली. तिला जपलं नाही."

शिळा हातभर वर उचलली गेली. नफीसाने आईला घरी आणलं, पाणी पाजलं, पाय चेपले, आणि तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

मग ती बादशहाला म्हणाली, "तुम्ही घालवलंत, तुम्हीच आणा. वाट मैना दाखवेल. मी बरोबर येते, कारण तुमचा भरवसा नाही."

सात डोंगरांपलीकडे यहुद्यांची वस्ती होती. बादशहा पहिल्यांदा पालखी आणि नजराणे घेऊन गेला. सिम्हाने दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा सोन्याच्या अक्षरांचं फर्मान घेऊन गेला. तिने ते दाराच्या फटीतून आत घेतलं आणि चुलीत घातलं. तिसऱ्यांदा तो अनवाणी गेला आणि शिळेवर जे बोलला होता तेच तिच्या उंबऱ्याशी बोलला. शब्द जास्त नाही, कमी नाही.

दार उघडलं. म्हातारी झाली होती सिम्हा, पण नखांतली नीळ गेली नव्हती.

"तुझ्यासाठी येत नाही," ती म्हणाली. "मला रुकय्याशी बोलायचं आहे."

नफीसा पुढे झाली. "सिम्हाखाला, मी तिची..."

"ओळखलं. कपाळ तिचंच आहे. चल."

सिम्हा शिळेवर चढली तेव्हा चौकात मुंगीला जागा नव्हती. काहींच्या हातात फुलं होती. तिने फुलांकडे पाहिलं आणि लोकांनी ती मागे लपवली.

"मी माझ्या मुलांना सांगत आले," सिम्हा म्हणाली, "की तिथे आपलं कोणी नव्हतं. तिथे नुसता द्वेष होता. तिथलं एक माणूसही आठवायच्या लायकीचं नाही. खोटं सांगत आले. तिथे माझी शेजारीण होती. माझ्या बाळंतपणात तिने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. तुमची पोरं माझी पट्टी पाहून हसत, आणि तरी मी इथे सुखात होते. सगळे पहिल्यापासून वाईटच होते असं असतं, तर मला इतकं जड गेलं नसतं."

शिळा उचलली गेली, हवेत गेली आणि दिसेनाशी झाली. खाली पिवळं पडलेलं गवत होतं. घराघरांतून परातींवरची झाकणं खाली पडल्याचे आवाज आले. पीठ फुगलं होतं, काठावरून ओसंडत होतं. लोक नाचायला लागले. नाचोत बापडे!

सिम्हा गल्लीत गेली, थेट रुकय्याबीच्या खाटेपाशी. नफीसाने फळीवरची बरणी काढून पुढे धरली. दाराशी मृत्यू येऊन थांबला होता. सिम्हाने हात पुढे केला नाही.

रुकय्याबी म्हणाली, "सिम्हा, माझ्या कडेवर पोर होतं."

"माझ्याही होतं. तुझं हे समोर उभं आहे. माझं नदीपलीकडेही पोचलं नाही."

रुकय्याबीने डोळे मिटले. "घे ती बरणी. मला जाऊ दे."

"नाही," सिम्हा म्हणाली. "इतकी वर्षं मी डोंगरापलीकडे भिंतींशी भांडले. आता तुझ्याशी भांडणार. माझं बोलून झाल्याशिवाय मी बरणी घेणार नाही, आणि तोवर तू मरायचं नाहीस. उघड डोळे."

तिने खाटेशी बसकण मारली आणि बोलायला सुरुवात केली. दार ठोठावून ठोठावून सोललेली बोटं, वेशीपर्यंतची वाट, पोराचा ताप, नदीकाठची माती, सगळं सगळं. रुकय्याबीने एकदाही मान वळवली नाही. कधी हो म्हणे, कधी रडे. एकदा तर चिडून म्हणाली, "आणि तुझी कोंबडी माझं जिरं खाऊन गेली होती ते?" तेव्हा दोघींचा आवाज गल्लीभर गेला. मृत्यू ओट्यावर बसून राहिला. भट्टीतल्या फुगलेल्या रोट्या करपून गेल्या, कारण नफीसा दाराशी उभी राहून ऐकत होती.

शेवटी सिम्हाचं बोलणं संपलं. "माफ केलं असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली.

"मी माफी मागितली नाही," रुकय्याबी म्हणाली.

सिम्हाने बरणी घेतली. दुसऱ्या हाताने तिने रुकय्याबीचा हात धरला, आणि तो थंड होईपर्यंत सोडला नाही.

जरीची पट्टी बंद झाली, साधी पट्टीही बंद झाली. काही रंगारी परत आले, काही आले नाहीत. गटाराच्या पाण्यावरून पुन्हा भांडणं सुरू झाली, म्हणजे राज्य ठीक चाललं. रुकय्याबी गेली त्या दिवशी बादशहा नफीसाच्या ओट्याखाली जोडे हातात घेऊन उभा होता. संध्याकाळ झाली तरी उभा होता. त्याला कोणी आत बोलावलं नाही.

कहाणी इथे सरली. माझा राग काही सरला नाही, आणि तुम्ही तो काढायला येऊ नका.