अकरावा पेरू

"बाबांना एकदाच विचारायचं. तेही हळू आवाजात. उत्तर मिळालं की पाया पडून उठायचं. दुसऱ्यांदा विचारलं तर गुण जातो."

"कुणी ठरवलं हे?" केतकीने विचारलं.

शिदूअण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती चपला घालून गाभाऱ्यात शिरली होती. वीस वर्षं ते मठात बाबांची सेवा करत होते. येणाऱ्याला नियम सांगणं हे त्यांचं काम. नियम आला कुठून, हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"ठरवायला कशाला लागतं? असतंच ते," सासूबाई म्हणाल्या. "तू गप बस जरा."

केतकी गप्प बसली. पटलं म्हणून नव्हे. दमली होती म्हणून. अर्धा डोंगर चढून आली होती, कडेवर सव्वादोन वर्षांचा ओजस, सोबत सासू-सासरे.

हा अकरावा गुरुवार.

मठामागे पेरूची झाडं होती. झाडांवर पोपट. पोपटाने चोच मारलेला पेरू बाबांच्या हातून भरवला की न बोलणाऱ्या मुलाची जीभ सुटते, अशी पंचक्रोशीची श्रद्धा. शिदूअण्णा सकाळीच तसले पेरू वेचून टोपलीत ठेवत.

ओजसने आजवर दहा खाल्ले होते. पेरू त्याला फार आवडायला लागला होता. बाकी काही झालं नव्हतं.

केतकीच्या पिशवीत एक वही होती. अंगणवाडीच्या ताईंनी आखून दिलेली. डावीकडे, मूल कितव्या महिन्यात काय करतं. उजवीकडे, ओजसने ते कधी केलं. मान धरली. पालथा पडला. बसला. धरून उभा राहिला. चालला... तिथवर बरोबरच्या खुणाच खुणा.

मग बोलण्याचं पान. त्यावर एकच शब्द. "बा." तोही कुणाला म्हणतो, कळत नव्हतं.

ताई म्हणाल्या होत्या, आधी याचे कान तपासून घ्या. जितक्या लवकर कळेल तितकं बरं. केतकीने जिल्ह्याच्या दवाखान्यात दोनदा तारीख घेतली. दोनदा सासऱ्यांनी मोडली. इथे गुरुवार चालू असताना तिकडे जाणं म्हणजे बाबांवर अविश्वास दाखवणं.

"याचा बाप तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता," सासरे म्हणाले होते.

"तो आता तरी कुठे बोलतो, मामा?"

त्या दिवशी घरात जेवताना फक्त भांडी वाजली.

तिसरी तारीख उद्याची होती.

बाबा येऊन बसले. वय ऐंशीच्या पुढचं, चेहरा शांत. लोक एकेक करून पुढे सरकू लागले.

एक झुपकेदार मिशांचा माणूस वाकून पुटपुटला, "बाबा, विहीर कुठल्या अंगाला खणू?"

"होईल, होईल," बाबा म्हणाले.

माणूस क्षणभर तसाच वाकलेला राहिला. मग हात जोडून मागे आला.

"काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

"होईल म्हणाले."

"अहो, पण कुठल्या अंगाला?"

"गप गं. दुसऱ्यांदा विचारायचं नसतं."

केतकीला हसू आलं. ते ओठांवर येईपर्यंतच मागे स्वयंपाकघरात कुणाच्या तरी हातून पितळी घागर निसटली. फरशीवर ठणठणत भिंतीपर्यंत गेली. सगळे दचकले. शिदूअण्णा तर उठून उभे राहिले.

दोघं हलले नाहीत. एक ओजस.

दुसरे बाबा.

केतकीची पाठ ताठ झाली. ती बाबांकडे बघत राहिली. पुढची बाई बोलत होती आणि बाबा तिच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत होते. घागरीवरून कुणी काही बोललं, लोक हसले, तेव्हा बाबाही हसले. जरासे उशिराने...

हा उशीर तिला पाठ होता. गेले आठ महिने ती घरात रोज तो बघत होती.

त्यांची पाळी आली. सासूबाई पदर सावरत वाकल्या आणि तेच कुजबुजल्या, जे दहा वेळा कुजबुजल्या होत्या.

"होईल, होईल," म्हणत बाबांनी टोपलीतला पेरू उचलला आणि ओजसपुढे धरला.

केतकीने ओजसला मागे घेतलं.

पिशवीतून वही काढली. उघडली. आपल्या तोंडासमोर धरली. मुलाला खरंच ऐकू येतं, की तो नुसते ओठ बघतो, हे असं पाहायचं, असं ताईंनी शिकवलं होतं. घरी तिने हे ओजससमोर कितीदा तरी केलं होतं.

वहीआडून तिने स्वच्छ, खणखणीत आवाजात विचारलं, "बाबा, तुमचं मूळ गाव कोणतं?"

"अगं ए!" शिदूअण्णा ओरडले.

बाबांच्या चेहऱ्यावर नेहमीचं हसू आलं. ओठ हलले. "हो..."

आणि थांबले.

त्यांनी वहीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुढे झुकून दोन बोटांनी ती हळूच खाली केली.

"तोंड दिसत नाही, पोरी."



"किती वर्षं झाली?" केतकीने विचारलं. आता सावकाश, त्यांच्याकडे तोंड करून.

"बारा... तेरा असतील."

"आणि कुणालाच कळलं नाही?"

"कुणी दुसऱ्यांदा विचारलंच नाही."

शिदूअण्णा टोपलीजवळ मटकन खाली बसले.

सासूबाई आधी सावरल्या. "परीक्षा बघतात बाबा. मोठ्या माणसांची लीला असते ती. तू पेरू घे."

"प्रसाद नाकारू नये, केतकी," सासरे म्हणाले. "पाप लागतं."

"पेरू तो खाईल, मामा. त्याला आवडतो. पण पेरूच्या नावावर मी आता एक दिवससुद्धा थांबणार नाही."

तिला वाटलं होतं, हे म्हणताना आपण ओरडू. ओरडण्याइतकं तिच्यात काही उरलंच नव्हतं.

"उद्या सकाळी मी याला घेऊन जिल्ह्याला जाणार आहे. कान तपासणार. तारीख मोडायची नाही. दवाखान्यात फोन करायचा नाही. तुम्ही आलात तर तुमच्यासोबत, नाही आलात तर एकटी."

सासऱ्यांनी बाबांकडे पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं. शिदूअण्णा तर मघापासून तिकडेच बघत होते. बाबांनी नुसती मान आडवी हलवली असती, तरी त्यांना पुरलं असतं.

बाबांनी मान हलवली नाही.

सासूबाईंचा पदर हातातच राहिला.

बाबा ओजसकडे बघत होते. ओजस बाबांकडे. दोघंही एकमेकांच्या ओठांकडे बघत होते, आणि दोघांचेही ओठ मिटलेले होते.

मग बाबांनी शेजारची काठी जवळ ओढली आणि केतकीकडे वळले.

"गाडी किती वाजताची आहे?"