खर्ज कुठं गेला

"मग तानपुरा जातो कुठं, अक्का?"

सुभद्राक्का भेंडी चिरत होत्या. हात थांबला नाही.

"आत आल्यावर नमस्कार करतात," त्या म्हणाल्या. "पुण्यात बंद झालं का ते?"

अमोघने वाकून नमस्कार केला, पण अर्धाच. एवढा प्रवास करून तो कुरुंदवाडला आला होता, तो काही पाया पडायला नव्हे. गळ्यात मोठाले हेडफोन अडकवलेले, बिनतारी, दोन्ही कान झाकणारे. चेहरा असा, की पंचनाम्याला आलाय.

गोष्ट अशी होती. वर्षभर अक्का त्याला फोनवरून गाणं शिकवत होत्या, सोमवारी आणि गुरुवारी. फोन पितळी डब्याला टेकवायचा, तानपुरा छेडायचा आणि गायचं. अमोघ तिकडं प्रत्येक तास फोनवर नोंदवून ठेवायचा. येत्या रविवारी अक्कांच्या घरी शिष्यांची बैठक होती. अमोघ पहिल्यांदाच चार माणसांपुढं बसणार होता. घरी, ऑफिसात सगळीकडं सांगून बसला होता. आणि अक्कांनी त्याचं नाव काढलं. "षड्ज हलतोय तुझा," एवढं बोलून फोन ठेवून दिला. त्याच्या जागी नसीम गाणार. मिरजेच्या वाद्यं करणाऱ्यांची लेक, अक्कांच्या समोर बसून शिकणारी.

संशय मात्र त्याच्याही आधीचा. महिन्यापूर्वी कुणीतरी नसीमचं गाणं त्याला पाठवलं. तिचा सा भिंतीसारखा उभा. तेव्हापासून याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला, की हिला जे मिळतं ते मला मिळत नाही. गेला महिनाभर हा गडी तास ऐकत नव्हता, चोरी शोधत होता.

आणि ती त्याला सापडली होती.

"सगळे तास पुन्हा ऐकले मी," अमोघ म्हणाला. "तुम्ही गायला लागलात की तानपुरा नाहीसा होतो. थांबलात की क्षणभर डोकावतो, की पुन्हा गडप. एकदा नाही, दरवेळी."

"तुझ्या त्या डबड्यात खोट असेल."

"आधी तेच तपासलं. कानावरच्या गाद्या झिजल्या होत्या, नव्या बसवल्या. चष्मा काढून ऐकलं, कारण दांडीनं फट पडते आणि त्या फटीतून खालचे स्वर गळतात. आवाज वाढवणारी, फुगवणारी सगळी बटणं सपाट केली. बाहेरचा गोंगाट बंद करणारं बटण तर मी कायम चालूच ठेवतो. याहून चांगला आवाज त्यातून निघूच शकत नाही, अक्का. माझ्या बाजूनं काही राहिलेलं नाही."

"म्हणजे चोर मी."

"मी तसं म्हणत नाही."

"म्हणतोयस. सरळ म्हण. घसा खाकरत बसू नकोस."

अमोघ म्हणाला, "जुने लोक हातचं राखून शिकवतात, असं ऐकलंय."

"खरं आहे."

तो चपापला. नाकबूल करतील, चिडतील, हे सगळं त्यानं धरलं होतं. हे धरलं नव्हतं.

"माझ्या बुवांनी मला एक बंदिश अकरा वर्षं दिली नाही," अक्का म्हणाल्या.

"का?"

"विचारणार होते. तेवढ्यात ते गेले."

…

अक्का उठल्या. भेंडीचा चिकट हात दोनदा धुतला, पदराला पुसला, पुन्हा धुतला. कोपऱ्यातला तानपुरा आणून अमोघच्या समोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

"घाल ते कानावर. गाणंबिणं काही लावू नकोस. नुसतं घाल."

त्यानं घातले. अक्कांनी डोळे मिटले, बोटं तारांवरून फिरू लागली.

अमोघने कान टवकारले. दुरून कुठूनतरी डास गुणगुणावा तेवढीच एक बारीक किणकिण. खाली काहीच नाही. खर्जाची ती जाड पितळी तार, जिच्यावर सगळा डोलारा उभा असतो, तिच्यावरून बोट तर फिरत होतं, पण आवाज शून्य.

म्हणजे समोर बसूनसुद्धा ही बाई फसवते.

"तार ढिली केलीय तुम्ही," तो म्हणाला. कान झाकलेला माणूस बोलतो तसा, गरजेपेक्षा मोठ्यानं. "चौथी तार. मी आंधळा नाही, अक्का. बोट फिरतंय, खर्ज येत नाही."

अक्कांचे ओठ हलले. काय बोलल्या ते त्याला कळलं नाही. त्यांचा उजवा हात छेडतच राहिला. तानपुरा खांद्याला तोलून त्यांनी डाव्या हातानं अमोघचं मनगट पकडलं आणि त्याचा तळवा भोपळ्यावर दाबून धरला.

गाभण म्हशीच्या पोटावर हात ठेवावा, तसं आत काहीतरी हललं.

पुन्हा हललं. चौथ्या तारेवर बोट आलं की नेमकं तेव्हाच… तळव्यातून कोपरापर्यंत चढत होतं. आणि कानात काहीच नव्हतं.

अमोघने दुसऱ्या हातानं हेडफोन उतरवले.

खोली भरलेली होती. फडताळातली पितळी भांडी थरथरत होती.

…

आधी अमोघच बोलला, कारण यंत्रातलं त्याला कळत होतं.

"गोंगाट गाळणारं बटण," तो म्हणाला. "पंखा, मोटार असले आवाज पुसायला ते असतं. एकसारखा चालणारा खालचा आवाज आला की ते त्याला गोंगाट समजतं. फोनलाही तीच खोड आहे. तो माणसाचा आवाज तेवढा ठेवतो. जो थांबत नाही, तो काढून टाकतो."

"जो थांबत नाही, तो."

"हो."

"आणि तुला ते आवडलं?"

"…स्वच्छ वाटायचं."

अक्कांनी तानपुरा भिंतीला टेकवला. अमोघची बोटं मात्र भराभर चालू लागली. हेडफोनमधलं बटण बंद केलं. अक्कांचा फोन घेऊन त्यातही आवाज जसाच्या तसा जाईल असं करून दिलं. चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. चोर सापडला होता, आणि तो माणूस नव्हता.

"म्हणजे चूक यंत्राची," तो म्हणाला. "षड्ज हलला तो तानपुरा नव्हता म्हणून. माझं नाव पुन्हा घाला ना, अक्का. रविवारचं."

अक्कांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. दुकानदार खोटी नोट उजेडात धरून बघतो, तसं.

"तुझा रियाज आहे का त्यात?"

"सगळा आहे. रोजचा."

"लाव. माझ्या कानाला."

"कुड्या काढाव्या लागतील. नाहीतर फट राहते."

"नवऱ्यानं सांगूनही काढल्या नव्हत्या," असं पुटपुटत त्यांनी कुड्या काढल्या आणि अंबाड्यावरून ते धूड कानांवर चढवलं. अमोघने रियाज लावला. अक्का डोळे मिटून बसल्या. एक झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला त्यांनी हात वर केला आणि एक कान मोकळा केला.

"हा कधीचा?"

"दिवाळीतला."

"हलत नाहीये."

अमोघ सुखावला. "तुमच्या तासाची नोंद लावूनच गायचो, अक्का. तुमच्या आवाजाला धरून."

"त्या नोंदीत तानपुरा होता?"

"नाही… तेव्हाही नसणारच. फोन तेव्हाही गाळतच होता."

"पुढचे लाव."

त्यानं पुढचे लावले. अक्का ऐकत राहिल्या. एके ठिकाणी त्यांची मान किंचित डावीकडं कलली, वाटेत खडा टोचावा तशी.

"हा?"

"मागच्या महिन्यातला."

"हलतोय."

"हो."

"हाही माझ्या नोंदीवरच गायलास?"

"हो, अक्का. तसाच."

अक्कांनी हेडफोन उतरवून त्याच्या मांडीवर ठेवले. कुड्या परत कानात घातल्या, आधी डावी, मग उजवी. घाई कसलीच नव्हती.

"नाव घालायला मला दोन मिनिटं लागतात," त्या म्हणाल्या. "पण तानपुरा दिवाळीतही नव्हता. मग मागच्या महिन्यात गेलं काय?"