ओट्यावरची गोणी

“देवाला फूल वाहतात तेही वाहणं, आणि मी घाटातनं मिठाची गोणी वर आणतो तेही वाहणंच. शब्द एकच ना? मग बाबा, मलाच जड का लागतं?”

धाकूनं विचारलं मिठाचं, पण मनात मीठ नव्हतंच. घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिला उठवायचं, धुवायचं, भरवायचं, सगळं हा एकटा. वर पोटासाठी हमाली. आताशा तो तिच्यावर खेकसायला लागला होता. खेकसायचा, आणि मग दाराबाहेर जाऊन तोंड लपवून बसायचा.

घाटमाथ्यावर ओझी टेकवायला छातीएवढा दगडी ओटा होता. त्याच्या सावलीला गुलाबशा फकीर बसायचा. धाकूचा प्रश्न ऐकून त्यानं चिलीम झटकली.

“तुला थोरला भाऊ आहे ना रे?”

“आहे की. बुधाजी.”

“त्याला सांगितलंस?”

“वाटण्या झाल्यापासून मी बोलत नाही त्याच्याशी. त्याच्या दारात तोंड वेंगाडायला मी काय भिकारी आहे?”

“मी आहे,” फकीर म्हणाला. “धंदा वाईट नाही.”

धाकू ओशाळला, पण ताठा जाईना. “तसं नव्हे बाबा. आजवर मी कुणाचा हात घेतला नाही. ही गोणीसुद्धा. ओट्यावर टेकवतो, आणि माझी मी डोक्यावर घेतो.”

फकीर उठला. ओट्यावरच्या गोणीला दोन्ही हात लावले, आणि दिली ढकलून खाली.

धाकू बघतच राहिला. मग चिडला. मग गोणीला भिडला. गुडघ्यापर्यंत आली, मांडीपर्यंत आली...

धप्प.

पुन्हा...

पुन्हा धप्प. ओल्या मिठाची गोणी ती. गड्याला ताठा किती, याच्याशी तिला काय घेणंदेणं?

फकीर आपला चिलीम भरत बसलेला. धाकूनं त्याच्याकडं मान वळवली नाही. रागच तेवढा होता.

इतक्यात एक म्हातारी घाट चढून आली. अंगानं वाळकी काटकी. तिनं डोक्यावरची मोळी ओट्यावर टेकवली आणि पदरानं तोंड पुसलं.

धाकू खाकरला. गोणीकडं बघितलं. म्हातारीकडं बघितलं...

“मावशे, जरा हात लाव की.”

“मग आधी नाही का बोलायचं? खालच्या वळणावरनं बघतेय मघापासून, हा बाप्या गोणीशी कुस्ती का धरतोय.”

तिनं एका टोकाला हात घातला. तिच्यात जोर तो किती असणार? पण गोणी चढली. म्हातारी स्वतःची मोळी डोक्यावर ओढून घेऊन चालायला लागली.

धाकू मात्र हलेना. डोक्यावर गोणी, आणि तसाच उभा. डावीकडची वाट त्याच्या घरची, उजवीकडची बुधाजीच्या.

“बाबा...”

“हं.”

“त्याच्या दारात जाऊन म्हणू काय?”

फकिरानं चिलीम पेटवली.

“आत्ता म्हातारीला काय म्हणालास?”