उपरण्याखालचा आकडा

एकदा एक तरुण अर्थशास्त्रज्ञ आपल्या वृद्ध गुरूंच्या दारी आला, तो कपाळावर आठ्या घेऊनच. नाव त्याचे मुकुंद. गुरू म्हणजे तात्यासाहेब. उमेदीची वर्षे त्यांनी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले, मग सरकारने त्यांना राजदूत म्हणून परदेशी धाडले आणि परतल्यावर अर्थमंत्री केले. ते दिवसच निराळे होते हो! मंत्रिपद संपले की माणूस मुकाट्याने गावी यायचा आणि धोतर खोचून विहिरीवर अंघोळ करायचा. तात्यासाहेबही तसेच आले आणि थोडीशी शेती करू लागले. अशी माणसे आठवली की आजही जीव हळहळतो.

मुकुंदाची अडचण मोठी होती. शेजारच्या देशाशी नदीच्या पाण्याचा करार करायला सरकारने त्याला नेमले होते. बंद खोलीत, चहा घेता घेता, तिकडचे वयोवृद्ध प्रतिनिधी त्याला हळूच म्हणाले होते, "एवढं पाणी सोडणं आम्हाला जमेल." मुकुंद हरखला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने तो आकडा वार्ताहरांना सांगून टाकला. झाले! तिकडे गहजब उडाला. त्या वृद्धाने देश विकला, असे लोक रस्त्यात बोलू लागले. बोलणी मोडली. नदीकाठची गावे पाण्याची वाट पाहत राहिली आणि करार पुन्हा जुळवण्यासाठी मुकुंदाला एक अखेरची संधी मिळाली.

"सर, माझा आकडा बरोबर होता," तो पायरीवर बसत म्हणाला. "त्यांनीच दिला, मी माझ्या कानांनी ऐकला. आता साफ कानांवर हात ठेवतायत. मग खोटा कोण, मी?"

पूर्वी वर्गात खडूचा हात कोटाला पुसत तात्यासाहेब जसे हसत, तसेच हसले. मुकुंदाला एकदम ते दिवस आठवले. तेव्हा एक गणित सुटले की सगळे जग सुटल्यासारखे वाटायचे.

"आज बाजार आहे," तात्यासाहेब म्हणाले. "मला एक बैल घ्यायचाय. चल."

आपण सांगतोय काय आणि सरांचे चाललेय काय, असे मुकुंदाला वाटले. पण गुरूंचा शब्द मोडवेना.

बैलबाजाराची एक जुनी चाल आहे. भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटे दाबतात. बोटांचा हिशेब तात्यासाहेबांनी वाटेत मुकुंदाला समजावला: एक बोट म्हणजे दहा हजार. बाजारात हैबती नावाच्या शेतकऱ्याचा पांढराशुभ्र खिलार बैल त्यांच्या मनात भरला. तात्यासाहेबांनी स्वतःऐवजी मुकुंदाचाच हात उपरण्याखाली दिला. हैबतीने पाच बोटे दाबली. मुकुंदाने तीन. हैबतीने थोडा विचार केला आणि चार दाबली.

"चाळीस हजार!" मुकुंद आनंदाने ओरडला. "सर, उतरला की हो हा!"

सगळा बाजार वळून पाहू लागला. हैबतीने हात हिसडून काढून घेतला.

"आता ह्याच्या वर कोण येतंय माझ्या दावणीला?" तो संतापला. "अख्ख्या बाजारात माझा बैल उघडा पाडला ह्यानं. सौदा मोडला, जावा!"

त्याने बैलाचा कासरा खुंटीवरून सोडला आणि तो निघाला. तोच तात्यासाहेब भर बाजारात मोठ्याने म्हणाले, "हैबती, थांब बाबा! ह्याची काही चूक नाही. बोटांचा हिशेब ह्याला मीच उलटा शिकवला. म्हातारा झालो, माझंच डोकं फिरलं!"

एकच हशा पिकला.

"सायेब, देशाचा पैसा सांभाळला तुम्ही, अन् बोटं मोजता येईनात व्हय?" कोणीतरी म्हणाले. हैबतीलाही हसू आवरेना. त्याने कासरा परत खुंटीला बांधला, तात्यासाहेबांनी उपरण्याखाली हात घातला आणि घटकाभरात बैल त्यांचा झाला. किती बोटांना, ते बाजाराला कळले नाही.

परतताना मुकुंद घुश्शातच होता. "सर, तुम्ही बरोबर शिकवलं होतं, मी बरोबर मोजलं होतं. मग स्वतःला हसं का करून घेतलंत?"

तात्यासाहेब बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"मुकुंदा, मास्तर होतो तेव्हा आकडा बरोबर आला की माझं काम संपायचं. राजदूत झाल्यावर कळलं, आकड्याच्या पाठीशी माणूस असतो, आणि त्याला घरी जाऊन चार लोकांत तोंड दाखवायचं असतं. उपरणं त्याच्यासाठी असतं. ते तू ओढलंस. हैबती पळत होता तो भावाला भिऊन नाही, लाजेला भिऊन. कोणीतरी ती लाज उचलल्याशिवाय तो परत फिरणार नव्हता. मी उचलली. मला काय, चार लोक हसले. बैल तर आला!"

तो वृद्ध प्रतिनिधी मुकुंदाच्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याला स्वतःची लाज वाटली.

राजधानीत परतल्यावर त्याने वार्ताहरांना बोलावले आणि सांगितले, "तो आकडा पाहुण्यांनी दिला नव्हता. ऐकण्यात आणि मांडण्यात माझी चूक झाली." ज्याने जन्मात आकडा चुकवला नाही, त्याची विद्वानांनी यथेच्छ टिंगल केली. तिकडे त्या वृद्धाच्या माथ्यावरचा डाग पुसला गेला, आणि महिन्याभरात तो स्वतःच पुन्हा बोलणीला आला. करार झाला.

मुकुंद पुढे राजदूत झाला, मंत्रीही झाला. त्याने आकडा सांगितला की विरोधक सभागृहात हमखास ओरडत, "आधी मोजून घ्या!" तोही त्यांच्याबरोबर हसे. तात्यासाहेब तेव्हा हयात नव्हते. त्यांच्या आठवणीने मात्र प्रत्येक वेळी त्याचे डोळे भरत.

उतारवयात एका जुन्या सहाध्यायाने त्याला एकांतात विचारलेच, "खरं सांग मुकुंदा, तेव्हा तू खरंच चुकला होतास का रे?"

"गावांना पाणी मिळालं ना?" मुकुंदराव म्हणाले. "मग चुकलोच होतो म्हण."