कागदावरचं बाळसं

करंजपाड्याच्या अंगणवाडीत सात मुलं वजनाला कमी भरली, म्हणून रंजनाताई भोयेंनी त्यांची नावं वहीत लाल रंगात लिहिली. लाल नावाला रोज एक जादा अंडं मिळायचं. पण टेकडी चढून तपासणीला आलेले तालुक्याचे धारूरकरसाहेब वही बघून भडकले.

"जिल्ह्यात आपला पहिला नंबर यायचाय! शेजारच्या पाड्यात एकही लाल नाव नाही. वजनं वाढवून लिहा, नाहीतर नोकरी विसरा."

लाल रंग गेला की अंडंही गेलं. साहेब अजून धापाच टाकत होते. ते बघून रंजनाताई गोड हसल्या. "लिहिते की. पण काटा बरोबर आहे का, ते आधी तुम्हीच तपासा."

साहेब ऐटीत काट्यावर चढले. काटा एकशेचारवर गेला. ताईंनी वहीत बासष्ट लिहिलं.

"अभिनंदन, साहेब! आता टेकडी पळत उतरा नि पळतच चढून या."

"चेष्टा करता? लिहून कुठं वजन कमी होतं का?"

"मग लिहून वाढतं होय, साहेब?"

दारातल्या बाया खो खो हसल्या. साहेबांनी सातही लाल नावांखाली सही केली. मग चहा आला, पण बिनसाखरेचा.