पात्राशेजारची अकरा घरं

वेळ चैत्रातल्या एका दिवशीच्या तिसऱ्या प्रहराची, जागा पाटाच्या मुखाजवळची धर्मशाळा. एकदा एका वृद्ध न्यायकर्त्याने तिथे एक निकाल दिला आणि निकालानंतर तो आसनावरून उठलाच नाही.

त्या गावात एका पाटाचं पाणी बारा घरं वाटून घेत. पाणी मोजायला तळाशी बारीक भोक असलेलं तांब्याचं पात्र होतं. ते घंगाळातल्या पाण्यावर सोडायचं. भरून बुडालं की एकाची पाळी संपली. ज्याची पुढची पाळी, त्याने पात्राशेजारी बसायचं आणि बुडताक्षणी "बुडालं!" अशी हाक द्यायची, ही रीत. कोणाच्या मागून कोण, ते दर फेरीला चिठ्ठ्या टाकून ठरे.

वेणूबाई एकटी बाई. तिची वांगी चार वर्षं करपत होती. तिची फिर्याद आली तेव्हा वृद्धाने चौकशी आपल्या शिष्यावर सोपवली. शिष्य तिशीतला, त्याच गावचा. हा खटला नीट पार पडला की आसन त्याचं, हे सर्वांना ठाऊक होतं. त्याने तीन दिवसांत छडा लावला. पाणी सोडणारा झिपरू पाटकरी वेणूबाईच्या पाळीला दुसरंच पात्र काढत असे. त्याचं भोक मोठं होतं, म्हणून ते लवकर बुडे आणि तिची पाळी अर्धवट संपे. दर मोसमाला वांग्यांची पाटी त्याच्या घरी पोचवायला तिने नकार दिला होता, एवढंच कारण.

निकाल चोख लागला. झिपरूचं काम गेलं, पात्र जप्त झालं, वेणूबाईला दोन वर्षं दुप्पट पाणी.

"झालं ना मनासारखं, वेणूवहिनी?" राघो नावाचा शेजारी म्हणाला. "आता भरीत खाऊ घाला सगळ्यांना!"

लोक हसले. "आधी रोप तर जगू दे, भाऊजी," वेणूबाई म्हणाली. ती हसली नाही.

शिष्याने निकालपत्र पुढे धरलं. "आबा, शिक्का."

"दुसरा खटला राहिलाय."

"दुसरी फिर्यादच आलेली नाही, आबा."

"म्हणूनच राहिलाय."

वृद्धाने ते जप्त पात्र मागवलं आणि घंगाळात सोडलं. "चार वर्षांत वेणूच्या मागून अकराही घरांची पाळी येऊन गेलीय. त्या प्रत्येक घरातल्या माणसाने इथे येऊन बसावं."

कोणी हललं नाही. पात्र भराभर भरलं, बुडालं. वृद्धाने ते काढून पुन्हा सोडलं.

"आम्ही काय केलं?" राघो चिडला. "पात्र झिपरूने बदललं. आम्ही फक्त हाक दिली. तीही वेळेवर!"

"म्हणून तर तुझ्यावर खटला चालत नाही, राघो. न्यायाला फिर्याद लागते, साक्ष लागते, अपराधी लागतो. ते सगळं आज मिळालं, न्याय झाला. धर्माला यातलं काहीच लागत नाही. पहिल्या दिवशी जो इथे बसला होता, त्याने 'थांबा, हे पात्र वेगळं आहे' एवढं म्हणायचं होतं. तो बोलला असता तर या बाईला न्याय मागायला इथवर यावंच लागलं नसतं. न्यायाच्या लेखी तुम्ही सारे निर्दोष आहात. आणि शेत चार वर्षं करपलं."

शिष्याला एक पाळी आठवली. गेल्या माघात वेणूबाईच्या मागून त्याच्या मामांच्या घराची पाळी होती आणि मामा तापाने पडले होते. त्यांच्या जागी घंगाळाशेजारी तो बसला होता. पात्र लवकर बुडालं, हे त्याने पाहिलं होतं. 'पाटकरी जाणे,' असं मनाशी म्हणत त्याने खणखणीत हाक दिली होती. तीन दिवस त्याने गावभर साक्षी घेतल्या होत्या, स्वतःची तेवढी घेतली नव्हती. आत्ता उठलो तर आसन गेलं. नाही उठलो तर कोणाला कळणारही नाही. या दुसऱ्या विचाराने तो अधिकच कासावीस झाला.

पात्र तिसऱ्यांदा बुडालं. शिष्य उठला आणि घंगाळाशेजारी जाऊन बसला.

"मी होतो, वेणूमावशी. मला दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस रे?"

त्याने बुडालेलं पात्र वर काढलं. वृद्धाने ते त्याच्या हातून घेऊन पुन्हा पाण्यावर सोडलं. सूर्य मावळेपर्यंत ते पात्र आणखी नऊ वेळा बुडालं.

निकालपत्रावर अपराधी म्हणून एकच नाव आहे, झिपरूचं. उरलेल्या दहा घरांतून घंगाळापर्यंत अजून कोणीही आलेलं नाही.