मागं सरणारा सटवाजी

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या आज्याचा आजासुद्धा दुपट्यात होता त्याच्याही आधी, बिबखिंडीत एकच वाट होती. आता तुम्ही मोटारीत बसता, एक डुलकी काढता आणि डोळा उघडता तोवर कोकणात उतरलेले असता. तेव्हा तसं नव्हतं, बाबांनो. एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला दरी आणि मधे जेमतेम एका बैलगाडीपुरती जागा. चाकाखालचा दगड सुटला तर तो खाली पोचल्याचा आवाज वर यायचा नाही, इतकी खोल दरी.

खिंडीच्या वर आपलं गाव चिंचदरा, खाली केळसुरं. वरून ज्वारी आणि गूळ खाली जायचा. खालून मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर यायची. वाट अडली की वरच्यांची आमटी अळणी आणि खालच्यांची भाकरी बंद.

आणि वाट अडायचीच. समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीनं मागं सरायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्या काळी गाडी मागं घेणं म्हणजे स्वतःचं नाक कापून दुसऱ्याच्या हातात देणं. मागं सरणाऱ्याच्या घरात कुणी मुलगी देत नसे, त्याच्या घरची करत नसे. मग काय? दोन गाडीवान एकमेकांकडं डोळे वटारून बसायचे. मागून आणखी गाड्या यायच्या. वरपासून खालपर्यंत कोंडी. लोक तिथंच तीन दगड मांडून पिठलं शिजवायचे. एकदा म्हणे खिंडीतच एक पोरगा जन्मला, त्याचं नाव कोंडाजी ठेवलं. हसू नका, त्यांचं घराणं अजून आहे वरच्या आळीत.

या अडेलतट्टू लोकांत सगळ्यात मोठा अडेलतट्टू म्हणजे सटवाजी गाडीवान. अंगानं थोराड, मिशीला पीळ, आणि बैल बघाल तर हौशा आणि गवळ्या, नुसते दोन ढग. सटवाजीच्या बापानं कधी गाडी मागं घेतली नव्हती, आज्यानंही नाही. त्याच जोरावर त्याची लेक ठकू हिची सुपारी हिवरवाडीच्या मोठ्या घरात फुटली होती. हिवरवाडीकर म्हणाले होते, "न हटणाऱ्याची लेक आमच्यात शोभंल." सटवाजीची छाती तेव्हा अशी फुगली की बंडीचे बंद तुटले, असं म्हणतात.

लग्न तोंडावर आलं. सटवाजी जोंधळ्याची पोती भरून खाली निघाला, येताना लग्नासाठी नारळ आणायचे होते. मागं गावच्या आणखी गाड्या होत्या. ऐन खिंडीत समोरून केळसुऱ्याचा पदाजी मिठाची गाडी घेऊन आला. पदाजीही काही कमी नव्हता. त्याच्याही मागं गाड्यांची रांग.

"सर मागं!" सटवाजी म्हणाला.

"माझ्या बापजन्मात न्हाई," पदाजी म्हणाला.

झालं. दोघांनी चाकाला दगड लावले आणि पान-तंबाखूच्या चंच्या सोडल्या.

ऊन चढलं. बैल जिभा काढायला लागले. एवढ्यात खालच्या रांगेतून, गाड्यांच्या चाकांमधून वाट काढत एक बाई वर आली. पदर खोचलेला, घामानं कुंकू ओघळलेलं. ती पदाजीची बायको भागाबाई. मागच्या गाडीत तिची थोरली सून होती. रांगेत अडकल्यावर सुनेला कळा लागल्या होत्या, मूल आडवं आलं होतं, आणि अशी अडलेली बाई सोडवणारी सुईण अख्ख्या मुलखात एकच, ती चिंचदऱ्यात.

आता बघा. पदाजी मागं सरला असता तरी काही उपयोग नव्हता. सुनेला वर जायचं होतं. सरायला हवं होतं सटवाजीनंच. पदाजीला ते कळत होतं. त्याचे ओठ हलले, पण जन्मभर न वाकलेली मान, वाकायची कशी ते तिला ठाऊकच नव्हतं. भागाबाईनं नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती थेट सटवाजीपुढं उभी राहिली.

"दादा, सून अडली हाय. वाट द्या."

सटवाजीनं चंची बाजूला ठेवली. तो म्हणाला, "वैनी, माझ्या लेकीची सुपारी फुटलीया. मी मागं सरलो तर ते लगीन मोडंल. पोरीला जन्मभर घरात बसावं लागंल."

भागाबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमची लेक तुम्हांला, माझी सून मला. खरं हाय. जाते आन् सांगते तिला, पोरी, जरा थांब म्हणावं, वरच्यांच्या घरी लगीन हाय."

आणि ती वळली. भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. रडलीसुद्धा नाही. नुसती वळून चालायला लागली.

सटवाजीनं तिची पाठ बघितली आणि त्याला ते सोसवेना. त्यानं गाडीतून उडी मारली. "वैनी, थांबा!" असा ओरडला की कड्यावरची माकडं पळाली.

पण सरायचं कसं? बैलांना पुढं जाणं ठाऊक, मागं जाणं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्यात गाडी भरलेली आणि मागं चढ. सटवाजी बैलांच्या पुढं येऊन उभा राहिला. एक हात हौशाच्या कपाळावर ठेवला, एक गवळ्याच्या. म्हणाला, "लेकरांनो, आजवर तुम्हांला पुढंच हाणलं. आज माझी अब्रू जातीया, जाऊ द्या. पर त्या पोरीचा जीव जाऊ देऊ नका. सरा मागं."

आणि बैल सरले! मान खाली घालून, जू शिंगांवर तोलून, एक एक पाऊल मागं. ते बघून पदाजी खाली उतरला आणि त्यानं सटवाजीच्या गाडीच्या चाकाला खांदा लावला. मग केळसुऱ्याचे सगळे गाडीवान धावले. मागं चिंचदऱ्याचे गाडीवान बोंबलत होते, "सटवाजी, येडा झालास काय? नाक घालवलंस गावाचं!" पण पुढचा अंगावर यायला लागल्यावर मागचा काय करणार? तोही सरला, त्याच्यामागचाही सरला, शिव्या देत देत अख्खी रांग खिंडीबाहेर निघाली. गाडी वर पोचली तरी बैलांच्या तोंडाला फेस नव्हता आणि अंगाला घाम नव्हता, असं म्हणतात.

सुनेची गाडी धडधडत गावात शिरली. सुईणीनं बाई सोडवली. मुलगी झाली, आणि तिचं पहिलं रडणं ऐकून सटवाजी मटकन खाली बसला.

पण व्हायचं ते चुकलं नाही. दोन दिवसांत हिवरवाडीचा माणूस दारात हजर. सुपारीत घातलेलं लुगडं परत न्यायला आला होता. ओसरीवर बसून म्हणतो कसा, "मागं सरणाऱ्याची लेक आमच्या मालकास्नी चालायची न्हाई."

सटवाजीनं मान खाली घातली. पण ठकू बाहेर आली. लुगड्याची नीट घडी घालून तिनं त्या माणसाच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, "काका, देवळातून बाहेर येताना तुम्ही देवाला पाठ दावता का?"

"न्हाई बा. मागं मागं सरत येतो."

"मग तुमचं नाक कसं शाबूत ऱ्हायलं?"

माणूस पाणी न पिताच उठला. आत ठकूची आई तानूबाई एका डोळ्यानं रडत होती आणि एका डोळ्यानं हसत होती.

तरी गावाचं तोंड कोण धरणार? पोरं सटवाजीच्या दारापुढून उलटी चालायची. बायका पाणवठ्यावर कुजबुजायच्या. ठकूला मागणी येईना. सटवाजीचं नावच पडलं, मागसऱ्या. तानूबाई म्हणायची, "आवं, थोडे दिस खिंडीकडं जाऊ नका." आणि सटवाजी नेमका खिंडीकडंच जायचा.

पुढच्या बाजारी पुन्हा कोंडी झाली. दोन गाडीवान डोळे वटारून बसलेले. सटवाजी चालत गेला आणि एकाला म्हणाला, "कासरा हिकडं दे. माझं नाक गेल्यालंच हाय, तू तुझं कशाला घालवतोस?" त्या माणसाला काय, आंधळा मागतो एक डोळा! टुणकन उडी मारून तो बाजूला झाला. सटवाजीनं बैलांच्या कपाळावर हात ठेवला आणि गाडी मागं घेतली. वाट मोकळी झाली. मग भांडण मिटवायला सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं, की गाडी कुणाची का असेना, मागं सरला तो सटवाजी. माणूस मोठा लबाड प्राणी आहे, बाबांनो. सोय दिसली की लगेच न्याय बदलतो.

तेव्हापासून सटवाजीचा तोच उद्योग झाला. सगळ्या खिंडीची लाज त्यानं एकट्यानं अंगावर घेतली. पुढं पुढं तर त्याच्या हाताचीही गरज उरली नाही. नुसतं "सटवाजी" म्हटलं की कुणाचेही बैल चार पावलं मागं सरायचे, असं म्हणतात. पण आपली लेक घरात बसली आहे हे दुःख काही त्याच्या काळजातून गेलं नाही. रोज घरी आला की तो ठकूच्या नजरेला नजर द्यायचा नाही.

आणि एक दिवस दारात पदाजी उभा. डोक्याचं पागोटं हातात घेतलेलं, शेजारी भागाबाई, तिच्या कडेवर ती छोटी नात. पदाजी म्हणाला, "पाव्हणं, माझा धाकटा हिरू लग्नाचा हाय. ठकू आमच्यात द्या. पुढं रेटणारे आमच्या घरात लई झाले. मागं सरायची छाती असलेल्याची लेक हवी."

सटवाजीला हुंदका आवरेना. पण ठकूनं आतून आवाज दिला, "आबा, माझी एक अट हाय."

"आता आनि कसली अट, बये?"

"लगीन खिंडीत लागंल. वरून आपलं वऱ्हाड, खालून त्यांचं. आहेरात भांडी नकोत आन् लुगडीबी नकोत. येणाऱ्यानं पहार आणावी, न्हाईतर टिकाव. दोन वऱ्हाडं एकमेकांपुढून जातील एवढी जागा झाली, तरच मी माळ घालीन."

लोक म्हणाले, पोरगी बापावर गेली. पण आले हो सगळे. खिंडीच्या मधल्या वळणावर दरीच्या कडेला एक सपाट जागा होती, पण तिच्यावर घराएवढा धोंडा बसलेला. दोन्ही गावांनी पहारी घातल्या. वऱ्हाडी घामाघूम झाले, भटजी घटका मोजत बसले. धोंडा खालून सुटला, डुगडुगला, पण कलंडेना. मुहूर्त टळायची वेळ आली आणि सटवाजीचा जीव पुन्हा कासावीस झाला. पोरीचं लग्न दुसऱ्यांदा मोडतं की काय?

त्यानं हौशा-गवळ्याला जुंपलं. गाडीची मागली बाजू धोंड्याला टेकवली. पुढं उभा राहून दोघांच्या कपाळावर हात ठेवले. म्हणाला, "राजांनो, ठकूचं लगीन हाय. सरा मागं."

बैलांनी खुर रोवले आणि सरले. गाडीचा आख करकरला. आणि तो घराएवढा धोंडा उचकटला, कलंडला आणि दरीत गेला. बैल जागच्या जागी थांबले, गाडीचं चाक कडेपासून वीतभर अलीकडं. धोंडा पोचल्याचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा वर आला. केळसुऱ्यात मडकी हलली, असं म्हणतात.

मोकळ्या झालेल्या जागेत अंतरपाट धरला गेला. माळा पडल्या. मग वरची गाडी खाली गेली, खालची वर आली, आणि इतक्या पिढ्यांत पहिल्यांदाच बिबखिंडीत कुणालाही मागं सरावं लागलं नाही. सटवाजी मधोमध उभा राहून मोठमोठ्यानं रडला. रडता रडता म्हणाला, "आज मला काही कामच उरलं न्हाई की!"

त्या जागेला सटवाजीची बगल म्हणतात. पुढं रिवाजच पडला. चिंचदऱ्याची मुलगी केळसुऱ्यात दिली किंवा तिकडची इकडं आणली, की वऱ्हाडानं पहारी घेऊन एक बगल काढायची. एकेका लग्नानं वाट रुंद होत गेली. हिवरवाडीची वऱ्हाडंही मग त्याच वाटेनं गेली, खाली मान घालून. पुढं सरकारी सडक आली, डांबर आलं, आता तर दोन्हीकडून दोन-दोन गाड्या धावतात. पण मोजणीला आलेले साहेबलोक म्हणाले होते, अर्धं काम तर इथल्या लेकींच्या लग्नांनीच करून ठेवलंय.

सटवाजी खूप म्हातारा होऊन गेला. एका धुक्याच्या सकाळी तो बगलेत आला, वाटेला हात जोडले आणि वाटेकडंच तोंड ठेवून मागं मागं सरत धुक्यात शिरला. तो वळलेला कुणी पाहिला नाही, असं म्हणतात.

त्याचं देऊळ नाही, पुतळा नाही. आम्हांला त्याची गरज पडली नाही. अजून दर वर्षी पावसाआधी दोन्ही गावं पहारी-घमेली घेऊन खिंडीत जमतात आणि दरड पडलेली वाट साफ करतात. नवी जोडपी पुढं असतात. आणि कधी बोळात, बांधावर, बाजाराच्या गर्दीत दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर मोठ्या डंपरचा ड्रायव्हर असो, एसटीचा असो की कालच जीप घेतलेला कोंडाजीच्या घराण्यातला पोरगा असो, काच खाली करतो, "सटवाजी!" म्हणतो आणि गाडी मागं घेतो. कधी कधी दोघंही एकदमच म्हणतात, दोघंही सरतात आणि मधली वाट रिकामीच राहते. बाहेरगावचे लोक हसतात. त्यांना सांगा, आमच्या गावात आजवर कुणाचं नाक गेलेलं नाही. गाडी कुणाची का असेना, मागं सरतो तो आमचा सटवाजी.